दगड, दप्तर आणि जिव्हा : कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीचा शोध

काही वर्षांपूर्वी, पाऊस ओसरत आला असताना, एक वयस्कर गृहस्थ आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. घराणे मूळचे कोर्लईचे. दोन पिढ्यांपूर्वी पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेले. नातवाच्या कागदपत्रांसाठी त्यांना आपल्या आजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद हवी होती. आजोबांचे आजोळ आमच्या गावचे, तेव्हा स्नानसंस्कार येथेच झाला असावा, अशी घरातली समजूत. आम्ही कपाटातून जुन्या वह्या काढल्या. हवी ती वही मिळाली. पण हव्या त्या वर्षांची पाने वाळवीने खाऊन टाकली होती. उरलेल्या पानांवर पोर्तुगीज मजकूर, फिकट पडलेली शाई आणि एकमेकांना चिकटलेले काठ.

गृहस्थ निराश झाले, पण उठले नाहीत. थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "फादर, कागद राहू द्या. एवढेच सांगा, आम्ही मूळचे कोण? लहानपणी कोणी आम्हांला फिरंग्यांची अवलाद म्हणत, कोणी बाटगे म्हणत. वडिलांना विचारले तर ते गप्प बसत."

आम्हांलाही गप्पच बसावे लागले. सेमिनरीत असताना निकेयाच्या परिषदेचे साल आम्हांस पाठ होते, त्रेंत परिषदेचे ठराव पाठ होते. पण ज्या किनाऱ्यावर आम्ही वर्षानुवर्षे मिस्साबलिदान अर्पण करीत आलो, तेथील भाविक कोठून आले, कसे टिकले, हे सांगण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नव्हते. त्या दिवसापासून, सवड मिळेल तसा, आम्ही या प्रश्नाचा माग काढू लागलो. त्या शोधात जे हाती लागले आणि जे मुळीच लागले नाही, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

खाडीचे दोन काठ

कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे उत्तरेस अलिबाग तालुक्यातील रेवदंडा आणि दक्षिणेस मुरूड तालुक्यातील कोर्लई, अशी दोन गावे समोरासमोर उभी आहेत. रेवदंड्यालगतचे चौल हे फार पुरातन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे 'चेमुल' असे नाव येते आणि टॉलेमीच्या भूगोलातही ते आढळते. अर्थात पोर्तुगीज येथे आले ते ओसाड किनाऱ्यावर आले नाहीत. रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या आणि देशोदेशींच्या व्यापाऱ्यांच्या गजबजलेल्या बंदरात आले.

१५०८ साली चौलच्या समुद्रात मोठी आरमारी लढाई झाली आणि पहिल्या व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. पुढे १५१६ साली पोर्तुगीजांना येथे वखार मिळाली आणि १५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने त्यांनी किल्ल्याचे काम सुरू केले. हा किल्ला म्हणजेच आजच्या रेवदंड्याचा कोट. त्याच्या आत एक अख्खे शहर वसले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांचे मठ तेथे होते. त्यांपैकी फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा आजही माडांच्या वर डोके काढून उभा आहे. गावकरी त्याला सातखणी म्हणतात, जरी सातही मजले आता उरलेले नाहीत.

१५७१ साली मुर्तझा निजामशहाने या शहराला कित्येक महिने वेढा घातला, शहर टिकले. त्यानंतर निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधण्यास घेतला, कारण त्या डोंगरावरील तोफा खाडीचे तोंड बंद करू शकत होत्या. १५९४ च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून तो डोंगर घेतला. पोर्तुगीज बखरकार या विजयाचे वर्णन मोठ्या रसाने करतात. शत्रूचे हजारो मेले आणि आपले मोजकेच पडले, असा त्यांचा हिशेब असतो. असे हिशेब सर्वच विजेत्यांच्या बखरींत सापडतात, म्हणून ते मिठाच्या खड्यासह घ्यावेत. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधले. त्या हल्ल्यात पोर्तुगीजांच्या बरोबरीने एतद्देशीय शिपाईही होते. सरदारांची नावे इतिहासाने जपली. या शिपायांपैकी एकाचेही नाव आम्हांला कोठे वाचावयास मिळाले नाही.

१६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला. तेव्हाही कोट पडला नाही. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. व्हाइसरॉयची माणसे, मठवासी आणि ज्यांना जाणे परवडणारे होते ती कुटुंबे निघून गेली. मठ ओस पडले, छपरे कोसळली, पिंपळाने भिंती धरल्या.

आणि तरीही कोर्लईच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती राहिली. आमचा खरा प्रश्न येथून सुरू होतो. जे गेले त्यांचा इतिहास ग्रंथांत आहे. जे राहिले ते कोण होते?

कागद कोठे आहेत

इतिहासाचा शोध म्हणजे ग्रंथालयात जाऊन एक जाड पुस्तक उघडणे, अशी आमची भाबडी कल्पना होती. तसे पुस्तक एक आहेही. मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे आणि नाण्यांचे जाणकार असलेले डॉ. जुझे जेर्सन द कुन्य (१८४४ ते १९००) यांनी चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे १८८३ साली सरकारने कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर काढले, त्यातील चौलच्या माहितीलाही या ग्रंथाचा मोठा आधार आहे. मुंबईस कामानिमित्त जाणे होई तेव्हा आम्ही कधी टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, तर कधी येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली सेंट झेवियर्स कॉलेजात स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत बसून टिपणे काढली. डॉ. द कुन्य यांनी कोट, मठ, शिलालेख, वेढे यांची जी नोंद केली आहे तिच्यापुढे आजही मान तुकवावी लागते. परंतु त्यांचे लक्ष अवशेषांवर होते. अवशेषांशेजारी राहणाऱ्या माणसांविषयी त्यातून फारसे कळत नाही.

मग मूळ कागदांची चौकशी सुरू केली. येथे वाचकांना थोडी माहिती देणे अवश्य आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांचे कागद याच वाटांनी पांगलेले आहेत.

पहिली वाट पणजीची. गोव्याचा दप्तरखाना १५९५ साली स्थापन झाला आणि दियोगू दु कोउतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक नेमला गेला. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून होई, म्हणून त्या पत्रांच्या संग्रहाला मोसमाच्या वह्या असे नाव पडले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ वेगळे आहेत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४ ते १९६९) यांनी आयुष्य वेचून हे दप्तर लावले आणि त्याची मार्गदर्शिका १९५५ साली प्रसिद्ध केली. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांचे ऋण मानतात. आपण ख्रिस्ती लोकांनीही ते मानावयास हवे.

दुसरी वाट लिस्बनची. तेथील तोर्रे दु तोम्बु या राष्ट्रीय दप्तरखान्यात आणि समुद्रापलीकडील वसाहतींच्या दप्तरात हिंदुस्थानचे असंख्य कागद आहेत. पण १७५५ च्या भूकंपात आणि त्यापाठोपाठ आलेल्या लाटेत व आगीत हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी दप्तरासह नष्ट झाली. तिसरी वाट रोमची. येशूसंघीयांची हिंदुस्थानातून गेलेली पत्रे फादर योसेफ विकी यांनी अठरा खंडांत छापून काढली, ते काम १९४८ पासून चार दशके चालले. चौथी वाट आपल्या पुण्याची. पेशवे दप्तरातील वसई मोहिमेचे मोडी कागद रियासतकार सरदेसाईंनी निवडून छापले, त्यांवरून कोकणातील त्या धामधुमीची दुसरी बाजू कळते.

याशिवाय मठांचे स्वतःचे कागद होते. परंतु येशूसंघीयांची १७५९ साली पोर्तुगीज मुलखातून हकालपट्टी झाली आणि १८३५ साली गोव्यातील इतर पुरुष संघही बंद करण्यात आले. मठांची ग्रंथालये विखुरली. धर्मप्रांतांच्या सीमाही बदलत राहिल्या. पोर्तुगालच्या राजाला चर्चच्या कारभारात जे अधिकार होते, ज्याला आपण पाद्रोआदो म्हणतो, त्याखाली १८८६ साली दमणचा धर्मप्रांत झाला आणि १९२८ साली तो मुंबईच्या महाधर्मप्रांतात विलीन करण्यात आला. एखाद्या लहान गावाचे कागद एकाच कपाटात का सापडत नाहीत, हे यावरून ध्यानी येईल.

एवढ्या वाटांनी फिरल्यावर, छापील साधनांत का होईना, चौलची माणसे कोठेतरी भेटतील अशी आमची आशा होती. १६३५ साली आंतोनियु बोकार्रु याने राजाज्ञेवरून पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज किल्ल्यांचे एक वर्णन तयार केले. पेद्रु बार्रेतु द रेझेन्द याने त्यासाठी नकाशे दिले. त्यात चौलही आहे. तटाची लांबी, तोफा, दारूगोळा, उत्पन्न, सारे काही आहे. माणसेही आहेत, पण ती दोन रकान्यांत : गोरे संसारी आणि काळे संसारी. लग्न करून स्थायिक झालेल्या रहिवाशाला पोर्तुगीज 'काझादो' म्हणत. गोरा काझादो अमुक आणि काळा काझादो तमुक, एवढीच ती मोजदाद. तोफांचे वर्णन त्याहून अधिक बारकाईने केलेले आहे.

वाचकहो, हे वाचून मन खिन्न झाले. आमच्या कार्यालयात बसलेल्या त्या गृहस्थांचा पूर्वज बहुधा दुसऱ्या रकान्यात होता. किंवा तोही नसेल; कारण घरोघरी राबणाऱ्या गुलामांना, ज्यांत आफ्रिकेतून आणलेले दुर्दैवी जीवही होते, काझादोंच्या रकान्यात जागा नव्हती.

एका दूरच्या समाजाचा धडा

याच सुमारास एका ग्रंथालयात मेनोनाइट समाजाच्या इतिहासाचा एक खंड आमच्या हाती पडला. आपल्या वाचकांना हे नाव अपरिचित असण्याचा संभव आहे. सोळाव्या शतकात युरोपात जे धर्मसुधारणेचे वादळ उठले, त्यात बालकांचा स्नानसंस्कार नाकारून प्रौढपणी, समजून उमजून स्नानसंस्कार घ्यावा, असा आग्रह धरणारे काही गट निघाले. हॉलंडच्या फ्रिसलंड प्रांतातील मेनो सिमन्स हा कॅथलिक धर्मगुरू १५३६ साली आपले पद सोडून त्यांना जाऊन मिळाला, त्याच्यावरून हे नाव पडले. शस्त्र धरणार नाही, शपथ घेणार नाही, हा त्यांचा बाणा. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आहे : १८९९ साली, दुष्काळाच्या छायेत, अमेरिकेतील मेनोनाइट मिशनरी आजच्या छत्तीसगडमधील धमतरी येथे आले आणि त्यांचे काम तेथे रुजले.

या समाजाला कोणत्याही राज्यात दीर्घकाळ स्वस्थता लाभली नाही. हॉलंडहून ते विस्तुला नदीच्या मुखाकडील दलदलीत गेले आणि ती त्यांनी शेतीखाली आणली. १७८९ पासून रशियाच्या दक्षिणेस नीपर नदीकाठी त्यांच्या वसाहती झाल्या. सक्तीच्या लष्करी सेवेचे संकट आले तेव्हा १८७४ पासून हजारोंनी कॅन्सस आणि कॅनडातील मॅनिटोबा गाठले. प्रत्येक स्थलांतरात घरेदारे सुटली. चर्चच्या वह्या मात्र त्यांनी शक्य तेथे गाड्यांवर घालून नेल्या. कोणाचा जन्म कोठे, स्नानसंस्कार केव्हा, लग्न कोणाशी, असे कुटुंबवार लिहिलेले. म्हणूनच आज कॅनडातील एखादा शेतकरी दप्तरखान्यात जाऊन आपले घराणे पोलंडच्या दलदलीपर्यंत मागे नेऊ शकतो.

रशियातील मोलोच्ना वसाहतीचे एक मोठे दप्तर पेटर ब्राउन नावाच्या शिक्षकाने जमविले होते. सोव्हिएत सरकारने ते १९२९ साली जप्त केले आणि ते कायमचे गेले असे सर्वांनी धरले. १९९० साली ओडेसाच्या सरकारी दप्तरखान्यात ते सापडले. साठ वर्षे कोणीतरी ते फळीवर नीट ठेवले होते! हरवलेले ते सर्वच नष्ट झालेले असते असे नाही, हा दिलासा आम्हांला त्यातून मिळाला.

परंतु त्यांच्या इतिहासाचे पहिले प्रकरण आम्हांला अधिक अंतर्मुख करून गेले. आरंभीच्या काळात या लोकांना स्वतःचे काही लिहून ठेवणे धोक्याचे होते. त्यांची नावे राहिली ती त्यांना पकडणाऱ्यांच्या कागदांत : चौकशीच्या जबान्यांत, शिक्षेच्या हुकुमांत. झुरिकमध्ये १५२६ साली स्नानसंस्काराच्या वह्या सुरू झाल्या, त्यामागे कोण आपल्या बालकाला चर्चमध्ये आणीत नाही हे शोधून काढण्याचाही हेतू होता. झुरिकचे राज्यकर्ते प्रॉटेस्टंट होते. पण हॉलंडमध्ये त्यांना जाळणारे न्यायाधीश कॅथलिक होते. १५६९ साली डर्क विलम्स नावाचा एक कैदी तुरुंगातून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत असता पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून बुडू लागला. डर्कने मागे फिरून त्याला वर काढले. त्याला पुन्हा पकडण्यात आले आणि जाळण्यात आले. ही कथा वाचताना कॅथलिक धर्मगुरूने मान खाली घालावी, हेच उचित. १९९८ ते २००३ या काळात कॅथलिक ख्रिस्तसभा आणि मेनोनाइट यांच्यात अधिकृत संवाद झाला. तेव्हा दोघांनी मिळून हाच इतिहास पुन्हा वाचला, ही समाधानाची गोष्ट आहे.

आपल्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले आणि चौल त्याच्या अधिकारकक्षेत होते. १८१२ साली ते कायमचे बंद झाले आणि त्याचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. १६२३ पर्यंतच्या सुमारे तीन हजार आठशे खटल्यांची एक सूची मात्र लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात राहिली आहे. गोरगरिबांची नावे जेथे हमखास सापडतात ती जागा ही असावी, याचे आम्हांला दुःख होते. पण चर्चचा इतिहास लिहावयाचा तर तो सर्व लिहिला पाहिजे. मनोऱ्याची उंची सांगावयाची आणि न्यायालयाचे नाव टाळावयाचे, हे खरे बोलणे नव्हे.

जिभेवरचे दप्तर

तर मग कोर्लईच्या लोकांनी स्वतःचे असे काहीच मागे ठेवले नाही काय? ठेवले आहे. ते कागदावर नाही, इतकेच.

कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात तिला ते 'नो लिंग' म्हणतात. अर्थ सरळ आहे : आपली भाषा. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. तिचा शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज आहे, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली आहे. क्रियापद शेवटी येते. मराठीतून जी क्रियापदे तिने उचलली त्यांच्यासाठी तिने क्रियापदांचा एक वेगळा वर्गच तयार केला. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी या गावात राहून तिचा अभ्यास केला आणि १९९६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याही आधी, १९०६ साली, गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दलगादो यांनी उत्तर कोकणातील पोर्तुगीज बोलींवर लिहिले होते.

आता विचार करा. १७४० साली पोर्तुगीज गेले. त्यानंतर या गावाला पोर्तुगीज शिकण्याने कोणतीही नोकरी, कोणताही मान मिळणार नव्हता. भोवती मराठी बोलणारा मुलूख. तरीही पावणेतीनशे वर्षे आईने मुलाला, आजीने नातवाला ही भाषा दिली. चर्चमधील प्रार्थना आणि प्रवचने दीर्घकाळ पोर्तुगीजमध्ये होत, त्याचा तिला आधार मिळाला. १९६० नंतरच्या दशकात, द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानुसार लोकभाषेत उपासना सुरू झाली, ती येथे मराठीत. ते योग्यच झाले. पण 'आपली भाषा' तेव्हापासून केवळ घराच्या आधारावर उभी आहे, हेही ध्यानात घ्यावे.

ही भाषा आम्हांला काय सांगते? ती पोर्तुगीज घरात जन्मली आणि मराठी अंगणात वाढली. शिपायांच्या संसारात, स्वयंपाकघरात, खाडीवर आणि शेतात, जेथे नवरा एक भाषा बोलतो, बायको दुसरी आणि मुले तिसरी घडवितात, अशाच ठिकाणी असे मिश्रण होते. व्हाइसरॉयच्या कारकुनाने जे लिहिले नाही ते या वाक्यरचनेत नोंदलेले आहे. मेनोनाइटांचेही असेच आहे. विस्तुलाकाठची त्यांची जुनी जर्मन बोली आज मेक्सिको आणि पॅराग्वेतील त्यांच्या शेतवाड्यांत ऐकू येते. ती ऐकून जाणकार त्यांचा सारा प्रवास सांगू शकतो.

आणि आपण मराठी भाषक तरी वेगळे कोठे आहोत? पाव, पगार, चावी, बटाटा, परात, घमेले, लिलाव, तुरुंग आणि आपला लाडका हापूस, हे सारे त्याच जहाजांतून उतरले. कोर्लईकराला फिरंगी म्हणून हिणविणाऱ्याने पगार घेताना आणि चावी फिरवताना थोडे थांबावे.

वंशावळीची भीती

आडनावांविषयीही दोन शब्द. आपले आडनाव पोर्तुगीज म्हणून आपले रक्त पोर्तुगीज, असा समज पुष्कळ घरांत आहे. वस्तुतः स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव देण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती. आडनाव दत्तक येते. कोर्लईच्या वस्तीत पोर्तुगीज शिपायांचे वंशज असतील, येथील स्त्रियांचे तर नक्कीच आहेत, ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांचे आहेत आणि गुलामांचेही असावेत. कोणत्या घरात कोणता धागा किती, हे आज सांगता येणार नाही.

त्या गृहस्थांचे वडील का गप्प बसत, हे आम्हांला आता उमगते. मूळ शोधण्यात एक भीती असते. कोठेतरी एखादा सरदार सापडावा अशी इच्छा असते आणि एखादी दासी सापडेल असे भय असते. अशा वेळी आम्ही संत मत्तयच्या शुभवर्तमानाचे पहिले पान उघडतो. प्रभू येशूची वंशावळ ही पुष्कळांना कंटाळवाणी नावांची यादी वाटते. पण त्या यादीत राहाब आहे, जिच्या पूर्वायुष्याविषयी कोणी अभिमानाने बोलले नसते. रूथ आहे, परक्या मुलखातली, परक्या जातीची विधवा. दावीद राजाचे पापही त्या यादीतून पुसलेले नाही. शुभवर्तमानकाराने ही नावे गाळली असती तर यादी अधिक प्रतिष्ठित झाली असती, पण ती खरी राहिली नसती.

जे सत्तेबरोबर आले ते सत्तेबरोबर गेले. धर्म ज्यांच्यावर लादला गेला असे म्हटले जाते, ते मात्र सत्ता गेल्यावरही त्या धर्मात राहिले. मठ पडला, मठवासी गेले, संरक्षण गेले. तरी माउंट कार्मेल माउलीच्या नावाने त्या गावात आजही दिवा लागतो. या किनाऱ्यावरील ख्रिस्ती श्रद्धेचा याहून मोठा पुरावा कोणत्याही दप्तरखान्यात नाही, असे आम्हांला वाटते.

आपल्या हाती काय आहे

केवळ हळहळून भागणार नाही. त्रेंत परिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातला. आजच्या, १९८३ च्या, धर्मविधीसंहितेचे ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या व जुने कागद काळजीपूर्वक जतन करावेत असे सांगते. १९९७ साली रोमहून निघालेल्या एका परिपत्रकात चर्चच्या दप्तरांची जपणूक हे मेषपालाचेच कार्य म्हटले आहे. आमच्या वहीला वाळवी लागली त्याचा दोष आम्ही आमच्यापासूनच मोजावयास सुरुवात करतो. कपाट भिंतीला टेकलेले होते आणि त्या भिंतीत पावसाचे पाणी मुरत होते; दर वर्षी ते आम्ही पाहत होतो. आता कपाट भिंतीपासून हातभर पुढे आहे, वह्या जमिनीपासून उंच आहेत आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे.

कुटुंबांनीही काही करता येण्याजोगे आहे. घरातील जुन्या छायाचित्रांच्या मागे शिसपेन्सिलीने नावे व साल लिहावे. दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी उरणार नाही. जमिनीचे जुने दस्त, मोडी असोत वा पोर्तुगीज, न कळणारे म्हणून चुलीत घालू नयेत. आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आणि ज्यांच्या घरी 'आपली भाषा' अजून बोलली जाते त्यांनी ती मुलांशी बोलताना लाजू नये. मराठी व इंग्रजी शाळेत मिळेल. ही भाषा मात्र घरी मिळाली नाही तर जगात कोठेही मिळणार नाही.

ते गृहस्थ गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा आले. आजोबांची नोंद सापडलेली नव्हती आणि आता ती सापडेल असेही वाटत नाही. आम्ही त्यांना वर लिहिले आहे ते सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी आजी संध्याकाळी म्हणत असे ती प्रार्थना, आठवेल तेवढी, तिच्या भाषेत म्हणून दाखविली. दोन ठिकाणी अडले, पुन्हा सुरुवात केली. आम्ही ती टिपून घेतली. त्याखाली आजी-आजोबांची नावे, आईवडिलांची नावे, गाव आणि तारीख लिहिली आणि त्यांची सही घेतली.

तो कागद आता वाळवीने खाल्लेल्या वहीत, त्याच वर्षांच्या जागी ठेवला आहे.